आबा ‘आपण’ म्हणायला लागले

लग्नानंतर माझे सासरे माझ्याशी पहिलं वाक्य बोलले ते असं : "ओ पोर, चहामा साखर टाकेल शे, का डबाले नुसता हात लायेल शे?"

मी पाचोऱ्याची, पण वडील पोस्टात असल्यामुळे आमच्या घरात अहिराणी नाही, सगळं पुस्तकी बोलणं. त्यात मी शाळेत मराठी शिकवते. मी आत जाऊन रडले. माझा नवरा प्रशील मागोमाग आला आणि म्हणाला, "अगं वेडे, ते तुझ्यावर खूश आहेत. ज्याला परकं समजतात त्याच्याशीच ते शुद्ध बोलतात."

हे मी तेव्हा हसण्यावारी नेलं. लक्षात ठेवलं असतं तर गेल्या वर्षीची आमची फजिती टळली असती.

आबांचं नाव झिपरू. गाव धरणगाव. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली, तीही बहुतेक धुळे-जळगाव गाडीवर. खाकी शर्ट अंगावर चढला की त्यांची भाषा बदलायची. "ताई, आपण जरा पुढे सरका. काका, आपण सुटे द्या." घरी येऊन शर्ट खुंटीला लागला की त्याच्याबरोबर ‘आपण’ही खुंटीला. मग दारातूनच हाक : "ओ प्रशीलनी माय, कोठे मरी गयी व?" आतून आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई नर्मदाबाई, तेवढ्याच वरच्या पट्टीत : "मरनू नही आजून, तुमले वाढासाठे थांबेल शे!" ते तिला ‘तू’ म्हणणार, ती त्यांना ‘तुम्ही’ म्हणणार, आणि दिवसभर दोघं भांडणार. यापेक्षा सुखाचा संसार मी पाहिलेला नाही.

आबांना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. बिड्यांची मेहेरबानी. दोघांना आम्ही धुळ्याला, देवपुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. केमोनं आबांचं पार चिपाड झालं, गाठ मात्र जिथल्या तिथे. तेव्हा डॉ. हितेंद्र यांनी इम्युनोथेरपी सुचवली. माणूस बोलका. समोरच्या कागदावर रेघोट्या मारत त्यांनी आम्हाला समजावलं.

"शरीरात पहारेकरी पेशी असतात. बाहेरचं कुणी घुसलं की त्या मारतात. पण त्यांनी आपल्याच घरावर हात उगारू नये म्हणून त्यांना ब्रेक दिलेला असतो. कॅन्सर लबाड. तो नेमका त्या ब्रेकवर पाय देऊन बसतो, म्हणजे पहारेकरी जागचे हलतच नाहीत. हे औषध त्याचा पाय ब्रेकवरून काढतं."

आबा मान हलवत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हनजे बिनब्रेकनी गाडी! डाक्टर, चढले ठीक शे. घाटमा उतारले काय करशात?"

डॉक्टर खो खो हसले. "आबा, प्रश्न लाखमोलाचा आहे," असं म्हणून त्यांनी पुढचं सांगितलं. पहारेकरी मोकाट सुटले तर कधी त्वचेला सूज, कधी आतड्यांना, कधी थायरॉईडला, असं कुठेही होऊ शकतं. जरा काही वेगळं दिसलं तर लगेच फोन करायचा. मेंदूचंही ते नक्की बोलले असणार. आमच्या डोक्यात मात्र पुरळ आणि जुलाब एवढंच शिल्लक राहिलं.

औषध लागू पडलं. चार-पाच बाटल्यांनंतर स्कॅन केला तर गाठ निम्म्याहून कमी. आबांना भूक लागायला लागली, आवाज परत आला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात विचारलं, "तुमच्याकडे भांडणं चाललीयत का हो?" मी अभिमानानं सांगितलं, "नाही, आमचे आबा बरे होतायत."

आणि मग एका सकाळी आबा मला म्हणाले, "प्राचीताई, आपण मला थोडं पाणी देता का?"

मी पेला घेऊन उभीच राहिले. इतकी वर्षं ‘ओ पोर’ ऐकून कान किटले होते, असं नाही, पण ताई! आणि आपण! पाणी पिऊन झाल्यावर "आभारी आहे" सुद्धा म्हणाले. शाळेत जाऊन मी स्टाफरूममध्ये हे तिखटमीठ लावून सांगितलं. प्रशीलही हरखला. "मरणाच्या दारातून परत आलेला माणूस मऊ होतो," तो म्हणाला. आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांनी आबांचं कौतुक केलं. भल्या माणसाला औषधानं आणखी भलं केलं, असंच सगळे धरून चालले.

आक्का तेवढ्या गप्प झाल्या. आबांनी त्यांना विचारलं होतं, "आपण जेवलात का?" तेव्हापासून त्या आबांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसायच्या.

"आक्का, चाळीस वर्षांनी मान मिळतोय तर घ्या की," मी चिडवलं.

"मले मान नको," त्या म्हणाल्या. "हाई बोली घरनी नही शे, पोर. हाई तेस्नी गाडीनी बोली शे."

मी हसले. मराठीची शिक्षिका मी. बोली आणि प्रमाणभाषा मला शिकवताहेत!

पुढच्या तपासणीला आक्का हट्टानं सोबत आल्या आणि डॉ. हितेंद्र यांना म्हणाल्या, "डाक्टर, ह्या मले आपण म्हनतस." डॉक्टरांना आधी कळेना. मग प्रशीलनं समजावलं तेव्हा ते इतके हसले की नर्स डोकावून गेली. तरी त्यांनी आबांना वार विचारला, महिना विचारला, गावाचं नाव विचारलं. आबांनी सगळं बरोबर सांगितलं आणि वर "आपली कृपा" असंही म्हणाले. "असा साइड इफेक्ट सगळ्याच सासऱ्यांना होवो," डॉक्टर मला म्हणाले. रक्त तपासलं, ते ठीक होतं. आम्ही हसत घरी आलो. आक्का हसल्या नाहीत.

त्या दिवशी त्यांनी वांग्याचं भरीत केलं. हिरवी मिरची, कांद्याची पात, शेंगदाणे, सगळं साग्रसंगीत. मी पहिला घास घेतला आणि थांबले. मिठाचा कणही नव्हता. मी काही बोलणार तेवढ्यात आक्कांनी मला डोळ्यांनी दाबलं. आबांच्या भरताला मीठ कमी पडणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नाही. एकदा अशाच आळणी भरतावरून त्यांनी ताट उचलून शेजाऱ्याच्या म्हशीला नेऊन घातलं होतं आणि म्हशीनंही तोंड फिरवलं, असं गल्लीभर सांगितलं होतं.

आबांनी भाकरी मोडली, भरीत खाल्लं, अगदी शेवटच्या घासापर्यंत. मग म्हणाले, "छान झालंय. आपण फार कष्ट घेतलेत."

आक्का उठून मोरीत गेल्या. नळ सोडून रडत होत्या. मी मागे गेले तर माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "हाऊ मन्हा माणूस नही, प्राची."

आता हे सांगायला हवं, की आक्का आबांचा उल्लेख कधीच एकेरी करत नाहीत. शिव्या देतानाही ‘तुम्ही’. आणि त्या दिवशी ‘हाऊ’ म्हणाल्या. रस्त्यावरच्या कुणा अनोळखी माणसाकडे बोट दाखवावं तसं. मी ते प्रशीलला सांगितलं. पण प्रशील म्हणाला, औषधानं तोंडाची चव गेली असेल, आणि मलाही ते पटवून घ्यायचं होतं. गाठ विरघळत असताना नवं दुखणं कुणाला हवं असतं?

दोन दिवसांनी नवलभाऊ आले, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. नवलभाऊ म्हणजे आबांच्या गाडीचे ड्रायव्हर. दोघांनी मिळून किती टायर झिजवले याला गणती नाही. दारातूनच गरजले, "जयभीम, झिपरू!"

आबांनी हात जोडले. "नमस्कार. आपण बसा ना."

नवलभाऊंचा चेहरा उतरला. जयभीमला नमस्कार? तेही झिपरूनं, नवलला? बिचाऱ्यांना वाटलं आपलं काही चुकलं, पत्रिका उशिरा आणली म्हणून राग आहे. चहा न पिताच गेले. आक्का माझ्याकडे बघत राहिल्या. मी मान खाली घातली.

लग्नाला धरणगावला जायचंच असं ठरलं. गावची हवा लागली, चार ओळखीची माणसं भेटली की आबा ताळ्यावर येतील, असा प्रशीलचा हिशेब. सकाळी गाडी काढली. प्रशील चालवत होता, मी पुढे, दोघं मागे. फागणे गेलं, मुकटी गेलं. आबा खिडकीतून बघत होते. पारोळ्यापासून त्यांची चुळबुळ सुरू झाली. खिसे चाचपायला लागले, मागे वळून काचेतून बघायला लागले. एरंडोल जवळ आलं तेव्हा ते आक्कांकडे वळले आणि अदबीनं म्हणाले, "मावशी, आपल्याला कुठे उतरायचंय? तिकीट घेतलंत ना?"

प्रशील हसला. त्याला वाटलं, आबा जुनी नक्कल करताहेत. मी मागे वळून पाहिलं आणि माझं हसू तोंडातच राहिलं. आबांच्या डोळ्यांत ओळख नव्हती. सभ्यपणा होता, आदर होता, ओळख तेवढी नव्हती.

आक्कांनी पदर सावरला. मग प्रवासी बाई कंडक्टरला सांगते तशा म्हणाल्या, "मले घर जानं शे, भाऊ."

"ही गाडी घरापर्यंत जात नाही, मावशी," आबा म्हणाले. "आपण स्टँडवर उतरून घ्या."

प्रशीलनं गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो म्हणाला, "मेंदूत गेला. कॅन्सर मेंदूत चढला, प्राची." धरणगावला जायला एरंडोलहून डावीकडे वळतात. आम्ही वळलो नाही. मी डॉ. हितेंद्र यांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "हसायला नको होतं मी. सरळ जळगावला जा. डॉ. कामिनींना मी सांगून ठेवतो."

डॉ. कामिनी मेंदूच्या डॉक्टर. माझ्याच वयाच्या. त्यांनी आधी आबांना तपासलं, मग आम्हा तिघांना विचारलं, "बदल सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आला?"

प्रशील आणि मी, दोघांनीही आक्कांकडे पाहिलं. आक्का लाजल्या. आजवर हे ज्याला सांगितलं तो हसला होता. तरी हळूच म्हणाल्या, "बाई, ह्या मले आपण म्हनतस."

डॉ. कामिनी हसल्या नाहीत. "आधी काय म्हणायचे?"

"तू. नाहीतर मरी गयी का."

"आणि हे कधीपासून बदललं?"

आक्कांनी सगळं सांगितलं. पाण्याचा पेला, बिनमिठाचं भरीत, नवलभाऊंचा नमस्कार. डॉक्टर एकेक गोष्ट लिहून घेत होत्या. मग म्हणाल्या, "आक्का, तुम्ही सांगितलंत ते पहिलं लक्षण आहे. माणसाचा स्वभाव अचानक बदलला, वाईट सोडा, अगदी चांगल्यासाठी बदलला, तरी मेंदूकडे बघायला हवं. आपल्याकडे चांगला बदल झाला की कुणी डॉक्टरकडे येतच नाही."

एमआरआय झाला. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासायला गेलं. अहवाल येईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकड्यावर बसलो होतो. प्रशीलची पाचावर धारण बसली होती. आक्का मात्र ताठ बसल्या होत्या. कुणीतरी आपलं ऐकलं, एवढ्यानंच त्यांना बळ आलं होतं.

डॉ. कामिनी बाहेर आल्या त्या बोलतच. "मेंदूत गाठ नाही. कॅन्सर तिकडे गेलेला नाही. जंतूंची लागणही दिसत नाही. मेंदूला सूज आहे, आणि ती त्या औषधामुळे आहे असं जवळजवळ नक्की वाटतंय. ब्रेक काढलेल्या पहारेकऱ्यांनी कॅन्सरला मारलं आणि जाता जाता मेंदूवरही हात टाकला."

"बिनब्रेकची गाडी," प्रशील पुटपुटला.

"तसंच. हे फार थोड्यांना होतं, शंभरात एकालाही नाही. ही औषधंच नवी आहेत. जगभरच्या डॉक्टरांनी आपापल्या रुग्णांच्या नोंदी जोडल्या तेव्हा कुठे हा प्रकार नीट कळायला लागला. पण स्टिरॉइड लवकर सुरू केलं तर बहुतेकांना उतार पडतो. तुम्ही वेळेत आलात. आणखी उशीर झाला असता तर फिट्स आल्या असत्या, शुद्ध गेली असती."

मला रडू कोसळलं. कॅन्सर मेंदूत नाही, एवढंच ऐकून मी रडत होते. आक्कांनी मात्र एकच विचारलं, "मन्हा माणूस परत यी का, बाई?"

"येईल असं वाटतंय," डॉक्टर म्हणाल्या. "परत आला की सगळ्यात आधी तुम्हालाच कळेल. मला सांगा."

सलाइनमधून स्टिरॉइड सुरू झालं. पहिले दोन दिवस काहीच फरक नाही. आबा नर्सला "आभारी आहे ताई" म्हणायचे आणि नर्स आम्हाला म्हणायची, "किती छान आहेत हो तुमचे आबा!" आक्का दात ओठ खायच्या. त्या खाटेशेजारी बसून आबांशी भांडत होत्या, एकट्याच. तुम्ही माझ्या भावाच्या लग्नात कसे रुसलात, त्या वर्षी शेतातली दादर ज्वारी कशी बुडवलीत, सगळं उकरून काढत होत्या. आबा शांतपणे ऐकून "बरं, मावशी" म्हणायचे. ते ‘मावशी’ ऐकलं की आक्कांचा आवाज जरासा चिरकायचा, पण त्या थांबल्या नाहीत.

मग एका सकाळी मी हॉस्पिटलच्या कँटीनमधून चहा आणला. आक्कांनी कप आबांच्या हातात दिला. आबांनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं. कपाकडे पाहिलं, आक्कांकडे पाहिलं.

"ओ प्रशीलनी माय," ते म्हणाले. आवाज खोल गेलेला, पण खाकी शर्टाशिवायचा. "हाऊ चहा शे का भांडा धोयेल पानी? आनि इतला दिन तू कोठे मरी गयथी?"

आक्कांनी पदर तोंडाला लावला. मग पदर काढला आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "प्या मुकाट! साखर काय तुमना बाप आनी देस?"

आमचा जीव भांड्यात पडला. प्रशील भिंतीला टेकून हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नर्स धावत आली, तिला वाटलं भांडण जुंपलं. आक्का तिच्याबरोबरच डॉ. कामिनींना शोधत निघाल्या, अनवाणी. "बाई, उना! मन्हा माणूस उना! मले शिव्या दिन्यात!" डॉक्टरांनी हातातला पेन खाली ठेवला आणि या वेळी त्या पोटभर हसल्या.

सगळं एका दिवसात सरळ झालं नाही. नावं आठवायला वेळ लागायचा, चालताना तोल जायचा, गोळ्यांनी चेहरा सुजला. पण रोज थोडे थोडे आबा परत येत होते. नवलभाऊ भेटायला आले तेव्हा दारातच घाबरत उभे राहिले. आबांनी जयभीम घातला आणि लगेच "पत्रिका दिनी आनि चहा न पीता पळी गया, लाज वाटस का?" म्हणून फैलावर घेतलं. नवलभाऊ तिथेच खाली बसून रडले.

धोका होता तो औषधाचा. डॉ. हितेंद्र यांनी ते कायमचं बंद केलं. "पुन्हा दिलं तर मेंदू पुन्हा सुजेल," ते म्हणाले. आमचे चेहरे पाहून त्यांनी धीर दिला. त्रासामुळे ज्यांचं औषध मध्येच थांबवावं लागलं, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा आजार पुढेही काबूत राहिल्याचं अभ्यासांत दिसलंय. पहारेकऱ्यांनी चोराचा चेहरा एकदा ओळखला की ते बहुधा विसरत नाहीत. खात्री कुणी देत नाही. पण त्यानंतरचे सगळे स्कॅन चांगले आले. गाठ आहे तिथे चिमूटभर होऊन बसली आहे. दर खेपेला अहवाल हातात पडेपर्यंत माझे हात गार असतात, आणि पडला की मी हॉस्पिटलच्या पायरीवर बसून सगळ्यांना फोन करते.

परवाची गोष्ट सांगते. आता दोघं धरणगावला परतलेत. आम्ही रविवारी गेलो होतो. आक्का ओट्यापाशी भाकरी थापत होत्या. आबांना आपल्या आजारपणातलं फारसं आठवत नाही, पण आम्ही सांगून सांगून त्यांना ते तोंडपाठ झालंय. त्यांना लहर आली. दारात उभं राहून, हात जोडून, खाकी आवाजात म्हणाले, "नर्मदाताई, आपण मला एक भाकरी देता का?"

आक्कांच्या हातातली भाकरी खाली पडली. चेहरा पांढराफटक. त्या भिंतीला धरून खाली बसल्या.

आबांचं हसू जागच्या जागी विरलं. "ओ, मस्करी कयी मी," ते म्हणाले. आक्कांनी पिठाच्या हातांनी तोंड झाकलं. आबा गुडघे धरत त्यांच्यासमोर खाली बसले, आणि चाळीस वर्षांत जे त्यांनी कधी मुद्दाम केलं नसेल ते त्यांनी केलं. एकेक करून सगळ्या शिव्या द्यायला लागले. आळणी भरीत करणारी. तोंडाळ. माहेरची चुगलखोर. मरी गयेल. अगदी हळू आवाजात, एखाद्या बाळाला थोपटावं तशा.

आक्का डोळे मिटून ऐकत होत्या. आबा थांबले, श्वास घेतला आणि विचारलं, "व्हयनं का बस?"

"नही," आक्का म्हणाल्या. "आजून एक."